मालाडचा पिवळा दगड

माझ्या लहानपणी दगड म्हटला की तो काळाच. वाईच्या आजोळी पायरी काळी, न्हाणीतला धोंडा काळा, पाटा-वरवंटा काळा, घाटाच्या पायऱ्या काळ्या. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती केलेली आहे, कृष्णेला पूर आला तर पाणी दोहीकडे फाकून जावं म्हणून. तीही काळी. गड काळे, लेणी काळी, विठोबा काळा. एखादी गोष्ट अगदी पक्की असली की आपण तिला काळ्या दगडावरची रेघ म्हणतो. रेघ दुसऱ्या रंगाच्या दगडावरही मारता येते, हे मला कितीतरी वर्षं सुचलंच नव्हतं.

लग्न होऊन मालाडला आले, फोर्टात नोकरी लागली आणि रोज चर्चगेटला उतरून ओव्हल मैदान ओलांडायचं सुरू झालं. मैदानाच्या मधल्या पायवाटेवरून समोर पाहिलं की डाव्या हाताला हायकोर्ट आणि त्याच्या उजवीकडे राजाबाई टॉवर. हायकोर्टाचा दगड ओळखीचा होता, आपल्या गडकोटांचा निळसर काळा. शेजारचं विद्यापीठ मात्र पिवळं. पिवळं म्हणजे हळदीसारखं नाही, भाजत आलेल्या रव्यासारखं. या सगळ्या इमारतींची तोंडं पश्चिमेला आहेत. त्यामुळे संध्याकाळी सुटून परत निघाले की उतरतं ऊन थेट त्यांच्यावर पडलेलं असायचं, आणि सकाळचा रवा तेव्हा गुळाच्या रंगाचा झालेला असायचा. काळा दगड ऊन पिऊन टाकतो. हा ऊन परत देत होता. गाडी चुकली तरी चालेल, असं वाटून मी तिथे थांबलेली आहे.

इतका वेगळा दगड आपल्याकडचा नसणारच, अशी माझी खात्री होती. कमानी, मनोरे, रंगीत काचा, सगळं साहेबाच्या देशातलं, तर दगडही बोटीतूनच आला असणार. एकदा डबा खाताना मी हे बोलून दाखवलं. आमच्या ऑफिसात निवृत्तीला आलेले एक सहकारी होते, ते हातातला घास तसाच ठेवून म्हणाले, "अहो, बोटीतून कसला? तुमच्या मालाडचा दगड तो! तुम्ही गाडीने येता, तोही तिथूनच आला." जेवण झाल्यावर ते मला फ्लोरा फाउंटनपाशी घेऊन गेले. "बोटीतून आलेला दगड बघायचाय ना? हा बघा."

१८६४ सालचं ते कारंजं खरोखरच इंग्लंडहून आणलेल्या पोर्टलंड दगडाचं आहे. तेव्हा त्याच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटचे इतके थर चढले होते की दगड कुठला आणि रंग कुठला, कळत नव्हतं. (२०१९ साली डागडुजी पूर्ण झाली तेव्हा तो रंग खरवडून काढला होता. आता खरा दगड दिसतो.) पाहुण्या दगडाला रंग फासून ठेवलेला आणि घरचा दगड चार पावलांवर उघडा, उन्हापावसात दीडशे वर्षं तसाच उभा. त्या दिवसापासून मी मालाड लोकलमध्ये बसते ती जरा वेगळ्या नात्याने.

मग मी त्या दगडाच्या मागेच लागले. मिळेल ते वाचलं, जाणकारांना विचारलं, आणि जे कळलं ते मला अजूनही नवलाचं वाटतं. आपला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा उसळत राहिला, थरावर थर बसत गेले, त्याचा हा दख्खनचा प्रदेश झाला. मुंबईही त्याच काळ्या थरांवर उभी आहे. अंधेरीचा गिल्बर्ट हिल, तो उभ्या खांबांचा सुमारे २०० फुटी सुळका, बेसाल्टचाच. कान्हेरीचं जुनं नाव कृष्णगिरी, म्हणजे काळा डोंगरच. पण ही उलथापालथ शेवटाला येत असताना किनाऱ्याच्या या पट्ट्यात, मढ, मनोरी, गोराई, उत्तनच्या बाजूला, वेगळ्या जातीचा लाव्हा वर आला. त्यात सिलिका जास्त आणि लोह कमी, म्हणून थंड झाल्यावर त्याचा दगड काळा न होता फिका झाला. जे थोडं लोह होतं ते हवापाण्याने गंजलं आणि दगडाला पिवळट झाक आली. भूगर्भशास्त्रात या दगडाला ट्रॅकाइट म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खरखरीत. हात फिरवून पाहा, नाव किती बरोबर ठेवलंय ते कळेल. काळ्या पाषाणाचा घडीव चिरा हाताला थंड आणि गुळगुळीत लागतो, हा बारीक वाळूच्या कागदासारखा.

जुन्या वर्णनांत या दगडांच्या नावांचा थोडा गोंधळ आहे. कुर्ल्याचा दगड कुठे करडा म्हटलाय, कुठे पिवळसर. राजाबाई टॉवरचा पिवळा दगडही पुष्कळ ठिकाणी कुर्ल्याचाच लिहिलाय. क्रॉफर्ड मार्केटच्या भिंती पिवळसर कुर्ला दगडाच्या आणि मध्ये वसईचा लाल दगड. काळ्या घोड्याजवळच्या वस्तुसंग्रहालयाचा, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचा, करडा बेसाल्ट कुर्ल्याचा आणि पिवळा ट्रॅकाइट मालाडचा. जीपीओत, म्हणजे मोठ्या पोस्टात, काळ्या बेसाल्टला कुर्ल्याच्या पिवळ्या दगडाची आणि गुजरातेतल्या ध्रांगध्राच्या पांढऱ्या दगडाची किनार. मला यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं की बहुतेक नावं आपल्या लोकलच्या फलाटांवरची आहेत. कुर्ला, मालाड, वसई. ज्या मुंबईला आपण 'टाउन' म्हणतो आणि जिथे जायचं तर ठेवणीतले कपडे काढतो, ती उपनगरांच्या टेकड्या फोडून बांधली आहे.

हे सगळं घडलं भराभर. किल्ल्याची तटबंदी १८६०च्या दशकात पाडायला घेतली. त्याच सुमाराला, १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तिथला कापूस बंद झाला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा होता, तट पडून मोकळी झालेली जागा होती, आणि गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या मनात नव्या शहराचा नकाशा होता. लागत होता तो दगड, आणि तो दारात होता. राजाबाई टॉवरची पायाभरणी १८६९ची, काम पुरं झालं १८७८ला. उंची २८० फूट. आराखडा काढणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलेही नाहीत, त्यांनी लंडनहून नकाशे पाठवले. पैसे प्रेमचंद रायचंद यांनी दिले आणि आईचं नाव टॉवरला दिलं. बोरीबंदरच्या स्टेशनाचं, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचं, काम १८७८ला सुरू झालं, दहा वर्षं चाललं.

इथपर्यंतचं कुठेही वाचायला मिळतं. स्कॉट, स्टीव्हन्स, फुलर, इमर्सन, विटेट, सगळ्या वास्तुकारांची नावं पाठ होतात. माझं मन अडकतं ते दगडापाशी बसलेल्या माणसांत. टेकडी फोडायची म्हणजे पहारीने भोकं पाडायची, सुरुंग ठासायचा, सुटलेला गंडोळ घणाने फोडायचा, त्यातून ठोकळा काढायचा, मग टाकी-हातोडा घेऊन तो चौरस करायचा. खाणीवरचा वडार वेगळा, घडाई करणारा पाथरवट वेगळा, चुन्यात चिरा बसवणारा गवंडी वेगळा. कमानीतला प्रत्येक चिरा पाचरीसारखा तासलेला असतो, एका बाजूने रुंद, दुसऱ्या बाजूने अरुंद. एकाने दुसऱ्याला धरून ठेवायचं, खालून आधार नाही. सुताएवढी चूक झाली तरी मधला दगड बसत नाही. या माणसांना ही साहेबी धाटणी नवी होती. नकाशा परदेशी भाषेतला, मापं फूट-इंचांतली. आणि तरीही त्यांनी ती इतकी अचूक घडवली की आज आपण वर बघत तिच्याखालून जातो आणि डोक्यावर काय तोललंय याचा विचारही मनात येत नाही.

काही नावं उरली आहेत, ती तरी आपण घ्यावीत. राजाबाई टॉवरवर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे पुतळे आहेत, आपापल्या पागोट्यांत आणि पेहरावांत. त्यांचे नमुने घडवणारे होते तिथलेच साहाय्यक अभियंता रावबहादुर मुकुंद रामचंद्र. खालून मान मोडून पाहिलं तरी चेहरे नीट दिसत नाहीत, एवढ्या उंचीवर ते आहेत. दिसणार नाही हे माहीत असताना एवढी मेहनत केली, हे मला देवळाच्या शिखरावरच्या कामासारखं वाटतं. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये लॉकवूड किपलिंग १८६५ला आले, वास्तुशिल्प शिकवायला. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरचे शेतकरी त्यांच्या हातचे. आणि बोरीबंदरवरच्या नक्षीत जे.जे.च्या विद्यार्थ्यांचे हात आहेत. ते मोर, ती माकडं, ती पानं. बारीक नक्षीसाठी पुष्कळ ठिकाणी पोरबंदरचा मऊ चुनखडीचा दगड वापरलाय, कारण मालाडच्या खरखरीत दगडात पिसाचा डोळा कोरणं कठीण. पण मोर बसलाय तो आपल्याच भिंतीवर. हायकोर्टाच्या एका खांबावर एका डोळ्याला पट्टी बांधलेलं माकड हातात न्यायाचा तराजू धरून बसलंय. ते कुणी कोरलं, त्याची दंतकथा प्रत्येक वाटाड्या वेगळी सांगतो. मला मात्र ते पाहिलं की एवढं कळतं, की कोरणारा नुसता हुकमाचा ताबेदार नव्हता. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, आणि म्हणायला त्याच्याकडे दगडच होता.

खरा दगड माझ्या हाताला लागला तो मात्र फार नंतर, आमच्या ऑफिसजवळच्या एका जुन्या इमारतीची डागडुजी चालली होती तेव्हा. परांची बांधलेली, खाली हिरवं कापड, आणि एका कोपऱ्यात पोत्यावर बसून एक पाथरवट चिरा घडवत होता. वय साठीच्या पुढचं असावं. जेवणाच्या सुट्टीत मी तिथे उभी राहायला लागले. दोन दिवस त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बसा की ताई, किती उभ्या राहाल." मी एका ठोकळ्यावर बसायला गेले तर घाईने म्हणाले, "त्याच्यावर नका, तो झालाय." झालेल्या दगडावर बसायचं नसतं, हे मला माहीत नव्हतं.

त्यांनी मला दगड वाजवायला शिकवलं. दोन ठोकळे शेजारी ठेवले, दिसायला सारखेच. एकावर हातोडीचं टोक टेकवल्यासारखं मारलं, खणकन आवाज आला. दुसऱ्यावर मारलं, तर बद्द. "ह्यात भेग हाये," ते म्हणाले. "डोळ्यांना नाय दिसायची. कानाला कळतीया." मग भिंतीचा एक भाग दाखवला. पिवळ्या दगडाचा वरचा पापुद्रा सुटून आला होता, नखाने ओढला तर भुगा पडत होता. वर कधीतरी कुणीतरी सांधे सिमेंटने भरले होते. चुन्याच्या सांध्यातून भिंतीतली ओल बाहेर निघते. सिमेंटने ती वाट बंद झाली की ती ओल दगडातूनच वाट काढते. मुंबईची हवा खारी. पाणी उडून जातं, पण मीठ दगडाच्या कातडीखाली जमतं, त्याचे खडे फुगतात आणि पापुद्रा ढकलून देतात. हे मी नंतर वाचलं. त्या पाथरवट काकांनी ते एका वाक्यात सांगितलं होतं: "दगडाला घाम यायला जागा लागती, ताई. ह्यांनी तोंड दाबलं त्याचं."

"मग आता नवा दगड कुठून आणता?" मी विचारलं. "मालाडचा?"

ते हसले. "मालाडला आता दगड कुठं राह्यलाय? माणसंच हायेत." रंगाशी जुळता दगड दुसरीकडून मागवलेला होता. शेजारी ठेवला की फरक कळत होता. नवा जरा जास्तच पिवळा, जास्तच गुळगुळीत. त्यांनी त्याच्यावर टाकीच्या उभ्या रेघा ओढल्या होत्या, जुन्या चिऱ्यावरच्या रेघांशी अंतर जुळवून. मी बोटाने दोन्हीवरून हात फिरवला. दीडशे वर्षांपूर्वीच्या हाताची लय आजच्या हाताने तशीच उचलली होती, डोळे मिटले तर कुठली रेघ कुणाची ते सांगता आलं नसतं.

माणसंच आहेत, हे खरं. मार्वे रोडवर आमच्या घरापासून जवळच खारोडी आहे. बसचा स्टॉप, चर्च, भाजीवाले, रिक्षांची रांग. या खारोडीच्या पिवळ्या दगडाचं गेट वे ऑफ इंडिया बांधलंय. पायाभरणी १९१३ची, उद्घाटन ४ डिसेंबर १९२४चं. विटेटनी त्यात गुजरातच्या सोळाव्या शतकातल्या बांधकामाची धाटणी आणली, मधल्या घुमटाचा व्यास ४८ फूट. त्याच कमानीखालून २८ फेब्रुवारी १९४८ला ब्रिटिशांची शेवटची पलटण बोटीवर चढून गेली. राजा इथे उतरला त्याच्या आठवणीला बांधलेली कमान, आणि गोरे सैनिक परत गेले ते तिच्याच खालून. दगड खारोडीचा, तो राहिला. २०२३च्या पाहणीत गेट वेच्या दर्शनी भागावर काही ठिकाणी भेगा आणि उगवलेली रोपटी आढळल्याची बातमी वाचली, तेव्हा घरातलं माणूस आजारी असल्यासारखं मला वाटलं होतं. खारोडीच्या स्टॉपवर रोज शेकडो माणसं उतरतात. तिथे एखादा फलक नाही, एक ठोकळा मांडून ठेवलेला नाही. शाळेतल्या मुलांची सहल गेट वेला जाते, तिथे कबुतरं आणि बोटी बघून परत येते. आपल्या पायाखालची जमीन तिथे कमान होऊन उभी आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही. मी माझ्या मुलीच्या वर्गाच्या बाईंना एकदा भेटून सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि पुढच्या सहलीत मुलांना भिंतीला हात लावून पाहायला लावला. मुलीने घरी येऊन सांगितलं, "आई, खरखरीतच आहे!"

आणि तरी माझ्याच अंगणातला दगड मला राखता आला नाही. आमच्या जुन्या इमारतीच्या कुंपणाची भिंत याच दगडाची होती. कमरेएवढी, ओबडधोबड, नक्षी वगैरे काही नाही. पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ यायचं, उन्हाळ्यात मांजरं झोपायची. इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा मी सभेत उठून सांगितलं होतं की हे चिरे काढून ठेवा, नव्या बागेला कठडा करू. सगळ्यांनी मान डोलावली. इतिवृत्तात नोंदसुद्धा झाली. आम्ही भाड्याच्या घरात राहायला गेलो, मी दर आठवड्याला जाऊन बघत होते. एका आठवड्यात मुलीची परीक्षा होती, जायला जमलं नाही. पुढच्या शनिवारी गेले तर भिंत नव्हती. सगळा दगड भरावाच्या ट्रकमधून गेला होता. कुठे, ते कुणालाच सांगता येईना. मी तिथल्या माणसाशी भांडले. तो बिचारा म्हणाला, "बाई, दगडच होता ना?" त्याला उत्तर द्यायला मला शब्द सुचले नाहीत. रस्त्यात रिक्षा न करता चालत घरी आले.

पण पायाचं खोदकाम सुरू झालं तेव्हा पुन्हा गेले. ब्रेकर थडथडत होता, खड्डा दोन पुरुष खोल झाला होता. वरची माती, मग मुरूम, आणि त्याच्याखाली तो होता. ताजा फुटलेला, ओला, मधासारखा. उन्हापावसाने अजून हातही न लावलेला, म्हणून भिंतीतल्या दगडापेक्षा फिका. एवढी वर्षं आम्ही स्वयंपाक करत होतो, भांडत होतो, गणपती बसवत होतो, तो याच्या डोक्यावर. मी कडेला उभी राहून पाहत होते तेव्हा खालच्या एका मजुराने वर पाहिलं, वाकून एक तुकडा उचलला आणि न बोलता माझ्याकडे फेकला. झेलताना तळहाताला खरचटलं.

तो तुकडा आता नव्या घराच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत असतो. त्याच्या शेजारी आजीचा वरवंटा आहे, वाईहून आणलेला. वाटण मिक्सरमध्येच होतं, पण वरवंटा टाकवत नाही. जूनच्या पहिल्या पावसात वाऱ्याने सपकारे आत आले आणि दोन्ही भिजले. वरवंटा होता त्याहून काळा झाला, तुकडा गुळाच्या रंगाचा. मी कणीक मळत होते. हात पुसले, उलथन्याच्या दांड्याने आधी वरवंट्यावर हळूच मारलं, मग तुकड्यावर, आणि कान जवळ नेला. खणकन वाजला.